सरेच्या स्थानिक इतिहासाचे कागद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनला दक्षिणेकडून लागून असलेल्या सरे काउंटीची जुनी दस्तं, नकाशे, चर्चच्या नोंदवह्या आणि फुटकळ छापील कागद (तिकिटं, पोस्टकार्डं, लिलावाची पत्रकं, सभेच्या जाहिराती) यांच्याबद्दलचे हे प्रश्न आहेत. वोकिंग-एप्सम भागात राहणारी मराठी मंडळी आणि भारतातून शोध घेणारे अभ्यासक, दोघांनाही ते पडतात.

सरे म्हणजे नेमकी कुठली हद्द?

आजच्या नकाशावर दिसते तेवढीच नाही. सदर्क, लॅम्बेथ, बॅटर्सी, वॉन्ड्सवर्थ हा थेम्सच्या दक्षिणेचा सगळा पट्टा १८८९ पर्यंत सरेत होता. त्या वर्षी लंडन काउंटी कौन्सिल स्थापन झाली आणि तो लंडनकडे गेला. सरेचा क्रिकेट संघ आजही ओव्हलवर खेळतो, पण ते मैदान तेव्हापासून सरेच्या हद्दीत नाही. १९६५ मध्ये ग्रेटर लंडन झालं तेव्हा किंग्स्टन, रिचमंड, सटन, मर्टन आणि क्रॉयडनही गेली. त्याच वेळी मिडलसेक्समधली स्टेन्स आणि सनबरी सरेला जोडली गेली.

शोधावर याचा थेट परिणाम होतो. स्टेन्समधल्या १९०० सालच्या खटल्याचा कागद सरेच्या दप्तरात शोधून सापडणार नाही, कारण तेव्हा ते गाव मिडलसेक्सच्या न्यायाधीशांच्या अखत्यारीत होतं आणि मिडलसेक्सची दप्तरं लंडनच्या अभिलेखागारात आहेत. म्हणून कागद गावाच्या नावाने शोधू नका. तो कुठल्या कचेरीने, कशासाठी तयार केला आणि पुढे त्या कचेरीचं दप्तर कोणाकडे गेलं, हे आधी पाहा. खालच्या बहुतेक उत्तरांचं मूळ यातच आहे.

मग नेमकं कुठे जायचं?

पहिला थांबा वोकिंगचं सरे हिस्टरी सेंटर. किंग्स्टनचं काउंटी रेकॉर्ड ऑफिस, गिल्डफर्ड म्युनिमेंट रूम आणि स्थानिक अभ्यासाचं ग्रंथालय या तिन्ही संस्थांचे संग्रह १९९८ मध्ये इथे एका छताखाली आले. पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या) नोंदवह्या, क्वार्टर सेशन्स या वर्षातून चारदा भरणाऱ्या काउंटी कोर्टाची दप्तरं, जमीनदार घराण्यांचे कागद, गिल्डफर्डच्या डेनिस कंपनीच्या अग्निशामक बंबांची आणि लॉऱ्यांची कागदपत्रं, शाळांच्या वह्या, इस्पितळांच्या नोंदी हे सगळं इथे आहे.

केंद्र सरकारच्या खात्यांचे कागद क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये मिळतात (क्यू हे गावही मूळचं सरेतलंच). जुनी इच्छापत्रं लंडनच्या अभिलेखागारात आहेत, ईस्ट इंडिया कंपनीचं दप्तर ब्रिटिश लायब्ररीत. काही कागद तर समुद्रापार गेले. गिल्डफर्डजवळच्या लोझली पार्कच्या मोर-मॉलिन्यू घराण्याचा सोळाव्या-सतराव्या शतकातला पत्रव्यवहार वोकिंग आणि वॉशिंग्टनची फोल्जर शेक्सपिअर लायब्ररी यांच्यात विभागला गेला आहे. कवी जॉन डन याने मोर घराण्यातल्या ॲनशी गुपचूप लग्न केलं आणि सासऱ्याचा रोष ओढवून घेतला. त्या वेळची त्याची पत्रं फोल्जरकडे आहेत.

वाचनकक्षात जाण्याआधी काय तयारी करावी?

ऑनलाइन कॅटलॉगमध्ये शोधा आणि हवा असलेला संदर्भ क्रमांक पूर्ण उतरवून घ्या, तिरक्या रेघांसकट. शीर्षक लिहून नेलं तर उपयोग होत नाही, भांडारातून पेटी क्रमांकावरूनच निघते. काही संग्रह मुख्य इमारतीबाहेर ठेवलेले असतात, त्यांची मागणी काही दिवस आधी नोंदवावी लागते. कामाचे दिवस आणि वेळाही बदलत असतात, त्या निघण्यापूर्वी बघा. वाचक-कार्डासाठी नाव आणि सध्याचा पत्ता सिद्ध करणारी कागदपत्रं लागतात. भारतातून जाणाऱ्यांची इथेच अडचण होते, कारण पासपोर्टवरचा पत्ता पुरतोच असं नाही. कुठला पुरावा चालेल ते ईमेल करून आधीच विचारून घ्या.

आत पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. पिशवी, पाण्याची बाटली, डगला बाहेरच्या कपाटात. कॅमेरा बहुधा चालतो, पण फ्लॅश नाही, आणि फोटोंसाठी दिवसाचं शुल्क असू शकतं. जुने ग्रंथ फोमच्या पाचरींवर उघडायचे, पानं दाबायला कापडात गुंडाळलेली साखळीसारखी वजनं मिळतात. पांढरे हातमोजे घालायचे असतात असा अनेकांचा समज आहे. कागद आणि चर्मपत्रासाठी ते नको असतात: बोटांची जाण जाते, कडा धाग्यात अडकून फाटतात. हात धुऊन कोरडे करा, तेवढं पुरे. हातमोजे लागतात ते छायाचित्रं आणि निगेटिव्ह हाताळताना.

आम्ही सरेत जुनं घर घेतलं आहे. त्याचा इतिहास कसा शोधायचा?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि बहुतेक जण सुरुवात उलट्या टोकाकडून करतात. 'हे घर ट्यूडर काळातलं आहे' ही दलालाने सांगितलेली गोष्ट मनात धरून थेट सोळाव्या शतकात शिरतात. आजपासून मागे मागे जा.

पहिल्यांदा ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे २५ इंची नकाशे घ्या (एका मैलाला २५ इंच, म्हणजे १:२५००). त्यांत प्रत्येक घराचा आकार आणि शेताचा क्रमांक दिसतो. लागोपाठच्या आवृत्त्या शेजारी ठेवल्या की घर कुठल्या दोन सर्वेक्षणांच्या मधे उभं राहिलं ते कळतं. नकाशाच्या तळाशी सर्वेक्षणाचं साल आणि छपाईचं साल वेगवेगळं असतं, आपल्याला सर्वेक्षणाचं हवं.

दुसरी पायरी १९१० च्या सुमाराचं जमीन-मूल्यांकन. अर्थमंत्री लॉइड जॉर्जच्या अर्थसंकल्पातल्या कराकरता देशातल्या जवळपास प्रत्येक मिळकतीची पाहणी झाली. क्यूला नकाशा काढून त्यावरचा मिळकत क्रमांक घ्या आणि 'आयआर ५८' या मालिकेतली त्याची क्षेत्रवही मागवा. मालक, भाडेकरू, भाडं, खोल्यांची संख्या, कधी कधी छप्पर गळतंय ही तक्रारसुद्धा त्यात असते. हा कागद फार थोडे लोक वापरतात, याचं आश्चर्य वाटतं.

तिसरी पायरी टाइथ नकाशा. चर्चला द्यायचा दशांश धान्याऐवजी रोख घ्यावा असा कायदा १८३६ मध्ये झाला आणि पुढच्या दीडेक दशकात बहुतेक पॅरिशचे नकाशे तयार झाले. नकाशावर क्रमांक असतात, सोबतच्या तक्त्यात त्या क्रमांकापुढे मालक, वहिवाटदार, शेताचं नाव, पीक आणि क्षेत्रफळ. प्रत्येकाच्या तीन प्रती केल्या: एक सरकारला, एक बिशपला, एक पॅरिशला. एक खराब असेल तर दुसरी मागा. पण मोजमापावर डोळे झाकून विसंबू नका. अचूक म्हणून शिक्कामोर्तब झालेले 'पहिल्या वर्गाचे' नकाशे सहापैकी एखादाच, बाकीचे अनेकदा जुन्या नकाशांवरून उतरवलेले. आणि ज्या जमिनीचा दशांश आधीच मिटला होता ती यात कोरी दिसते. कोरी जागा म्हणजे तिथे घर नव्हतं, असा अर्थ काढू नका.

जनगणना १८४१ पासून नावानिशी मिळते. फॉर्मच्या पहिल्या रकान्यातला आकडा हा अनुक्रमांक असतो, घर क्रमांक नव्हे. या एका गैरसमजापायी माणसं शेजारच्या घराचा इतिहास लिहून मोकळी होतात. १८४१ मध्ये पंधरा वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिली आहेत, म्हणजे ३९ वर्षांचा माणूस ३५ चा दिसेल. १९२१ ची गणना शेवटची उपलब्ध आहे. १९३१ ची डिसेंबर १९४२ मधल्या आगीत जळाली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. त्या पोकळीत २९ सप्टेंबर १९३९ ची राष्ट्रीय नोंदवही कामी येते.

आणि मूळ खरेदीखतं? ती मिळाली तर नशीब. १९२५ च्या कायद्याने मालकी सिद्ध करायला तीस वर्षांचा मागोवा पुरेसा ठरवला, १९६९ मध्ये तो पंधरावर आणला. वकिलांच्या माळ्यावरच्या चर्मपत्रांचे गठ्ठे त्यामुळे निरुपयोगी झाले. कित्येक फेकले गेले, काहींच्या दिव्याच्या शेड झाल्या. जमीन-नोंदणी कार्यालयात आजचा मालकी हक्क असतो, इतिहास नव्हे. वाचलेली खतं बहुधा घराच्या नावाने नव्हे, जमीनदार घराण्याच्या किंवा वकिली फर्मच्या संग्रहात असतात. म्हणून टाइथ तक्त्यात सापडलेल्या मालकाच्या आडनावाने कॅटलॉग पुन्हा चाळा.

दस्तावर १५९७ लिहिलंय आणि पुस्तकात १५९८. चूक कोणाची?

बहुधा कोणाचीच नाही. इंग्लंडमध्ये १७५१ पर्यंत नवं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणजे जुन्या दस्तातले १ जानेवारी ते २४ मार्च हे दिवस आपल्या हिशेबाने पुढच्या सालातले. म्हणून अभ्यासक '१५९७/९८' असं दुहेरी लिहितात. १ जानेवारी १७५२ पासून वर्ष जानेवारीत सुरू झालं, आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला.

याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सरेतलंच आहे. गिल्डफर्डच्या एका सामाईक जागेवरून खटला चालू होता. त्यात जॉन डेरिक या ५९ वर्षांच्या कॉरोनरने (अकस्मात मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) साक्ष दिली, की गावच्या फ्री स्कूलमध्ये शिकत असताना तो आणि त्याचे सोबती त्या जागेवर 'क्रेकेट' आणि इतर खेळ खेळत. क्रिकेटचा हा सर्वांत जुना निःसंदिग्ध लेखी उल्लेख मानला जातो. नोंद जानेवारी १५९७ ची, म्हणून बहुतेक लेखक १५९८ लिहितात. साक्षीदाराच्या वयावरून त्याच्या शाळेच्या दिवसांपर्यंत मागे गेलं, की खेळ साधारण १५५० पर्यंत मागे नेता येतो. जमिनीच्या भांडणाचा कागद खेळाच्या इतिहासाला उपयोगी पडला. शोध फक्त 'क्रीडा' या विषयात घेणाऱ्याला तो कधीच सापडला नसता.

दस्तात साल नसून राजवर्ष असेल तर राज्यारोहणाच्या तारखेपासून मोजा. पहिली एलिझाबेथ १७ नोव्हेंबर १५५८ ला गादीवर आली, तेव्हा तिचं चाळिसावं वर्ष १७ नोव्हेंबर १५९७ पासून पुढचं.

अक्षरच लागत नाही. काय करावं?

सोळाव्या-सतराव्या शतकातलं 'सेक्रेटरी' वळण मोडीसारखंच सरावाने येतं. काही अक्षरं कायम फसवतात. 'सी' आजच्या 'आर'सारखा दिसतो, 'ई' उलटा असतो, 'एच'ची शेपटी ओळीखाली लोंबते आणि लांब 'एस' 'एफ'सारखा भासतो. 'वाय' आणि वर बारीक 'ई' असं दिसलं तर तो 'द' वाचायचा. आकडे रोमन असतात आणि शेवटचा 'आय' शेपटी काढून 'जे'सारखा लिहिलेला असतो. आकड्याच्या डोक्यावर छोटे दोन 'एक्स' असले तर विसांत मोजायचं, तीनावर असले तर साठ. आपल्याकडेही 'तीन विसा' म्हणत, त्यामुळे मराठी वाचकाला हे चटकन कळतं.

सराव इच्छापत्रापासून करा. त्यांची सुरुवात ठरावीक मजकुराची असते, तेव्हा शब्द आधीच ठाऊक असतात आणि त्यांवरून लिहिणाऱ्याची अक्षरं ओळखता येतात. ओळखलेल्या अक्षरांचा तक्ता करा, न लागलेल्या शब्दाची जागा मोकळी सोडा आणि अंदाजाने भरू नका. २५ मार्च १७३३ पूर्वीचे न्यायालयीन आणि मॅनरचे (जमीनदाराच्या जहागिरीचे) कागद बहुधा लॅटिनमध्ये, तेही आखडलेल्या शब्दांत. साक्षी मात्र इंग्रजीत मिळतात, म्हणून त्या आधी वाचाव्यात.

पैसे आणि क्षेत्रफळाची कोष्टकं?

१२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड, म्हणजे पौंडाला २४० पेन्स. एकर म्हणजे ४ रूड, रूड म्हणजे ४० पर्च, आणि लांबीचा पर्च साडेसोळा फुटांचा. नकाशाच्या तक्त्यात तीन रकाने दिसले तर ते एकर-रूड-पर्च, दशांश नव्हेत.

जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी कुठपर्यंत मागे जातात?

सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून. त्याआधी पॅरिशच्या वह्या. त्या ठेवण्याचा हुकूम १५३८ चा, पण तितक्या जुन्या वह्या मोजक्याच गावी टिकल्या. त्यांत जन्म नसतो, बाप्तिस्मा असतो. मृत्यू नसतो, दफन असतं. १७५४ पासून लग्नांचे आणि १८१३ पासून बाप्तिस्मा-दफनाचे छापील फॉर्म आले, तेव्हापासून वाचणं सोपं होतं. शंभर वर्षांवरच्या बंद झालेल्या वह्या चर्चने अभिलेखागारात द्याव्यात असा १९७८ चा नियम आहे.

सरेच्या वह्यांच्या प्रतिमा अँसेस्ट्री या संकेतस्थळावर आहेत आणि काउंटीच्या ग्रंथालयांत ते फुकट वापरता येतं. फक्त तिथला शोध हा कुणीतरी वाचून बनवलेल्या सूचीवर चालतो. नाव चुकीचं वाचलं गेलं असेल तर नोंद असूनही मिळत नाही. आडनाव वगळून, गाव आणि सालावर वही पानोपान चाळणं कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

साधी, गरीब माणसं कागदावर येतात का?

येतात, आणि अनेकदा श्रीमंतांपेक्षा जास्त तपशिलाने. १६६२ च्या रहिवास कायद्यानुसार (सेटलमेंट ॲक्ट) निराधार माणसाला पोसण्याची जबाबदारी त्याच्या 'हक्काच्या' पॅरिशवर होती. म्हणून दुसऱ्या गावात कोणी मदत मागितली की दोन न्यायाधीश त्याची जबानी घेत: जन्म कुठे, उमेदवारी कोणाकडे, वर्षभराची चाकरी कुठे, लग्न कधी. पॅरिशने खर्च टाळण्यासाठी केलेल्या या चौकशीतून शेतमजुराचं अख्खं आयुष्य एका पानावर उतरलं आहे. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाच्या बापाकडून लिहून घेतलेले जामीन, अनाथ पोरांचे उमेदवारीचे करार, कोणाला बूट आणि कोणाला कोळसा दिला याचे हिशेब, हे सगळं पॅरिशच्या पेटीत असतं. १८३४ नंतर हा कारभार अनेक पॅरिशच्या मिळून झालेल्या युनियनकडे गेला, तिथून पुढे युनियनच्या नावाने शोधा.

इच्छापत्रं वोकिंगला का मिळत नाहीत?

१२ जानेवारी १८५८ पूर्वी इच्छापत्रं चर्चच्या न्यायालयात मंजूर होत, काउंटीच्या नाही. सरे तेव्हा विंचेस्टरच्या बिशपच्या अखत्यारीत. तिथल्या आर्चडीकनच्या (बिशपच्या हाताखालच्या धर्माधिकाऱ्याच्या) आणि कमिसरी (बिशपच्या प्रतिनिधीच्या) न्यायालयांची दप्तरं लंडनच्या अभिलेखागारात पोचली आहेत. मोठ्या मालमत्तेची किंवा अनेक हद्दींत पसरलेली इच्छापत्रं कँटरबरीच्या न्यायालयात गेली, ती क्यूला 'प्रोब ११' मध्ये. १६५३ ते १६६० या काळात तर सगळी एकाच मध्यवर्ती न्यायालयात गेली, म्हणून त्या सात वर्षांतला माणूस थेट क्यूच्या सूचीत पाहा.

मनोरुग्णालयाच्या नोंदी पाहता येतात का?

शंभर वर्षांवरच्या बहुधा येतात. रुग्णांच्या नोंदींना साधारण शंभर वर्षं बंदी असते. अलीकडच्या नोंदींसाठी वारसाने नातं आणि मृत्यूचा दाखला दाखवून लेखी अर्ज करावा. एप्समजवळची मॅनर, हॉर्टन, सेंट एबाज, लाँग ग्रोव्ह आणि वेस्ट पार्क ही पाच रुग्णालयं सरेत होती खरी, पण बांधली लंडन काउंटी कौन्सिलने आणि रुग्ण बहुतांश लंडनचे. त्यामुळे रुग्णांच्या वह्या वोकिंगला, तर कौन्सिलच्या समितीची इतिवृत्तं लंडनच्या अभिलेखागारात, अशी फारकत आहे.

तिकिटं, पत्रकं, पोस्टकार्डं यांना कागदपत्र म्हणायचं का?

जरूर. जे टिकावं म्हणून छापलंच नव्हतं, त्यात सारवासारव नसते. वोकिंगजवळचं ब्रुकवुड कब्रस्तान १८५४ मध्ये सुरू झालं तेव्हा लंडन नेक्रोपोलिस कंपनीची खास गाडी वॉटर्लूहून तिथे जाई. शोक करणाऱ्यांना परतीचं तिकीट: पहिला वर्ग ६ शिलिंग, दुसरा साडेतीन, तिसरा २. शवपेटीला एकेरी तिकीट: १ पौंड, ५ शिलिंग किंवा अडीच शिलिंग. मेल्यावरही वर्ग सुटत नव्हता, हे ग्रंथभर लिहिण्यापेक्षा ते पुठ्ठ्याचं तिकीट लवकर सांगतं. एप्रिल १९४१ च्या बाँबहल्ल्यात लंडनचं स्थानक उद्ध्वस्त झालं आणि ही गाडी थांबली.

दुसरं तिकीट एमिली डेव्हिसनचं. ४ जून १९१३ ला एप्समच्या डर्बी शर्यतीत मताधिकारासाठी लढणारी ही बाई राजाच्या घोड्यासमोर गेली आणि चार दिवसांनी वारली. तिच्याजवळ रेल्वेच्या परतीच्या तिकिटाचा अर्धा भाग सापडला. म्हणजे तिला परतायचं होतं, असा एक पक्ष. त्या दिवशी रेसकोर्सला सवलतीची परतीची तिकिटंच विकली जात होती, तेव्हा त्यावरून काही सिद्ध होत नाही, असा दुसरा. आमच्या मते दुसऱ्या पक्षाचा प्रश्न आधी विचारायला हवा. तिकीट विकलं कसं जात होतं हे कळल्याशिवाय त्यावरून हेतू काढू नये.

साल न छापलेल्या कागदाचा काळ कसा ठरवायचा?

पोस्टकार्ड असेल तर मागची बाजू बघा. पत्त्याची पूर्ण बाजू आणि मजकूर चित्राच्या बाजूला असेल तर ते जानेवारी १९०२ पूर्वीच्या छपाईचं. मधे रेघ मारून दोन भाग केले असतील तर त्यानंतरचं. अर्ध्या पेनीचं टपाल तिकीट जून १९१८ पर्यंत, त्यानंतर एक पेनी. शिक्क्याची तारीख ही टाकल्याची, फोटो त्याहून दहा वर्षं जुना असू शकतो. दुकानदार जुना साठा संपेपर्यंत विकत.

रेल्वेच्या कागदावर 'लंडन अँड साउथ वेस्टर्न' असेल तर १९२३ पूर्वीचा, 'सदर्न रेल्वे' असेल तर १९२३ ते १९४७. शिलिंग-पेन्समध्ये किंमत असेल तर बहुधा १५ फेब्रुवारी १९७१ आधीचा. भित्तिपत्रकावर 'मंगळवार, १४ मे' असा वार आणि तारीख असेल तर पंचांग लावा. ती जोडी पाच, सहा किंवा अकरा वर्षांनी परत येते, तेव्हा उमेदवार सालं मोजकीच उरतात. तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचं नाव-पत्ता शोधा. १७९९ च्या कायद्याने ते छापणं सक्तीचं झालं होतं. तो छापखाना त्या पत्त्यावर कोणत्या वर्षी होता ते केलीच्या व्यापारी डिरेक्टरीत मिळतं.

घरात जुने कागद सापडलेत. कसे सांभाळू?

पहिल्यांदा क्रम मोडू नका. ज्या गठ्ठ्यात, ज्या पाकिटात जे होतं त्याचा फोटो काढा आणि मगच सोडा. कोणत्या पत्राबरोबर कोणती पावती होती, यावरूनच पावतीचा अर्थ लागतो.

माळा आणि तळघर या दोन्ही जागा वाईट. माळ्यावर उन्हाळ्या-हिवाळ्यात तापमान हेलकावे खातं, तळघरात ओल. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते. घरातल्या आतल्या भिंतीलगतचं कपाट, जमिनीपासून थोडं वर, हे बरं. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल सावकाश काढा: स्टेपलचे पाय मागून सरळ करून, खेचून नव्हे. रबरबँड, सेलोटेप, चिकट पानांचे अल्बम काढून टाका. मात्र जुना सेलोटेप आधीच चिकटला असेल तर हात लावू नका, सोबत कागदाचा पापुद्रा येतो.

पारदर्शक पाकिटं पॉलिएस्टरची घ्या. पीव्हीसीची स्वस्त पाकिटं शाई उचलतात. पेट्या आणि फोल्डर आम्लमुक्त पुठ्ठ्याचे. वर्तमानपत्राची कात्रणं वेगळी ठेवा, त्यांतलं आम्ल शेजारच्या कागदाला पिवळं करतं. खुणा करायच्या तर मागे कडेला मऊ पेन्सिलीने. लॅमिनेशन कधीही करू नका, ते परत निघत नाही.

चर्मपत्राला इस्त्री किंवा ओल लावू नका. उष्णतेने ते आकसतं आणि शाईचे पोपडे निघतात. मेणाची मोहर लोंबत असेल तर तिला स्वतंत्र आधार द्या. पाणी शिरून कागद भिजले तर दोन दिवसांत बुरशी धरते. चिकटलेली पानं सोडवत न बसता लहान गठ्ठे पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि काउंटीच्या संवर्धकाला विचारा. छायाचित्रं मात्र गोठवण्याआधी विचारावं. १९५१ पूर्वीच्या फिल्म निगेटिव्हला तिखट वास येत असेल, चिकटपणा आला असेल तर ती नायट्रेटची असू शकते. ती भडकते, घरात न ठेवता थंड जागी एकटी ठेवून लगेच तज्ज्ञांना कळवा.

स्कॅनिंगसाठी साध्या पानाला ३०० डीपीआय, पोस्टकार्ड किंवा तिकिटाला ६००. मागची कोरी बाजूही स्कॅन करा.

अभिलेखागाराला द्यायचे असतील तर?

न विचारता पेटी घेऊन जाऊ नका. एक पानी यादी पाठवा: काय आहे, साधारण किती, कोणत्या सालांचं, तुमच्याकडे कसं आलं. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आणि लोक नेमका तोच गाळतात. दान आणि ठेव यांत फरक आहे. दानात मालकी जाते, ठेवीत ती तुमची राहते, पण मधेच परत नेल्यास संवर्धनाचा खर्च भरावा लागू शकतो. करार नीट वाचा. गावच्या जत्रेचं १९७८ चं पत्रकही ते आनंदाने घेतील. छापील पुस्तकाची आठवी प्रत नाकारतील.

ठेव देण्यात शहाणपण कसं असतं, हे सरेतल्या क्लँडन पार्क या जुन्या वाड्याने दाखवलं. २९ एप्रिल २०१५ च्या आगीत तिथलं सरेच्या पायदळाचं संग्रहालय जवळजवळ पूर्ण जळालं. पलटणींचे जे कागद आधीच वोकिंगला जमा होते, ते वाचले.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध लागतो का?

लागतो. मुंबईचा गव्हर्नर (१८१९ ते १८२७) माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन अखेरीस सरेतल्या लिम्प्सफील्डला राहिला, २० नोव्हेंबर १८५९ ला तिथेच वारला आणि तिथल्याच चर्चच्या आवारात त्याला पुरलं. पण पेशवाईच्या अखेरीबद्दल काही हवं असेल तर लिम्प्सफील्डचा मागोवा घेत बसू नका, त्याचा कागदपत्र-संग्रह ब्रिटिश लायब्ररीत आहे.

ब्रुकवुडमध्ये पारशी विभाग आहे. जमशेटजी टाटा (मृत्यू १९०४) आणि त्यांचे पुत्र दोराबजी व रतनजी यांच्या समाध्या तिथे आहेत. कब्रस्तान चालवणाऱ्या नेक्रोपोलिस कंपनीचे कागद सरे हिस्टरी सेंटरमध्ये पाहायला मिळतात.

'क्वीन्स रॉयल वेस्ट सरे' ही पलटण १६६१ मध्ये पुटनी हीथवर उभी राहिली, मोरोक्कोतलं टँजियर राखण्यासाठी. टँजियर आणि मुंबई, दोन्ही ब्रागांझाच्या कॅथरिनने (राजा दुसऱ्या चार्ल्सच्या पोर्तुगीज राणीने) एकाच लग्नात आंदण आणलेली ठिकाणं. उलट बाजूने, पुण्यात किंवा मुंबईत वारलेल्या सरेच्या शिपायाचं दफन शोधायचं असेल तर ते सरेच्या पॅरिशमध्ये नसतं. ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस दप्तराची 'एन ३' ही मुंबई इलाख्याच्या चर्च-नोंदींची मालिका पाहा.

काढलेले फोटो वेबवर टाकता येतील का?

कागद जुना आहे म्हणून तो मोकळा होत नाही. ब्रिटनमध्ये कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं. पण १९६९ पूर्वी वारलेल्या लेखकाचं जे लिखाण १ ऑगस्ट १९८९ पर्यंत अप्रकाशित होतं, त्यावर ३१ डिसेंबर २०३९ पर्यंत हक्क राहतो. म्हणजे १७८० ची खासगी रोजनिशीसुद्धा तांत्रिकदृष्ट्या अजून बंधनात असू शकते. स्वतःच्या अभ्यासासाठी फोटो काढणं आणि ते प्रसिद्ध करणं यांसाठी परवानग्या वेगळ्या लागतात, अभिलेखागाराचा फॉर्म भरताना योग्य चौकटीत खूण करा.

संदर्भ कसा द्यायचा?

संस्थेचं नाव, पूर्ण संदर्भ क्रमांक, पान किंवा फोलिओचा (दोन्ही बाजू मिळून एक पान) क्रमांक, दस्ताची तारीख. पान क्रमांक नसेल तर 'मे १७६२ ची जबानी' असं लिहा. फोटो काढताना प्रत्येक दस्ताच्या आधी क्रमांकाची चिठ्ठी शेजारी ठेवून एक फोटो घ्या. ते केलं नाही तर घरी आल्यावर तीनशे फोटोंपैकी कोणता कुठल्या पेटीतला हे सांगता येत नाही आणि पुन्हा वोकिंगची गाडी धरावी लागते.